कागद आपल्या धंद्याच्या मापाचा हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योगांचे कर्ज, अनुदान, विजेचे दर, सुताचे भाव यांवर आपल्या अंकात नेहमी लिहून येते आणि ते यायलाच हवे. पण सोलापुरात छोट्या कारखान्याचा पैसा बुडतो तेव्हा पुष्कळदा कारण यांपैकी कुठलेच नसते. माल गेलेला असतो, घेणाऱ्याने तो विकलेलाही असतो. देणाऱ्याच्या हातात उरते ते माल पाठवल्याचे एक चलन, व्हॉट्सअॅपवरचे दोन-चार निरोप आणि 'पुढच्या महिन्यात बघू' एवढा शब्द. हे पत्र त्या नसलेल्या, किंवा असून उपयोगी न पडणाऱ्या कागदाविषयी आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. तोंडी व्यवहार कायद्याने खोटा ठरत नाही. १८७२च्या करार कायद्यात, काही अपवाद सोडले तर, करार लेखीच असला पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे लेखी नव्हते म्हणून येणे सोडून देणारा माणूस हकनाक नुकसान सोसतो. अडचण येते ती काय ठरले होते हे दाखवताना. आणि कागद असूनही ही अडचण येतेच, कारण तो पुष्कळदा दुसऱ्याच्या धंद्याचा असतो. टायपिंगच्या दुकानातला जुना मसुदा घ्यायचा, नावे बदलायची, स्टॅम्पपेपरवर छापायचा आणि नोटरीचा लाल शिक्का घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. त्या मसुद्यात 'पक्षकारांनी सामंजस्याने वागावे' असली दहा वाक्ये असतात. वेस्टेज (कामात वाया जाणारा माल) किती टक्के, रंगाची छटा म्हणजे शेड कोणी मंजूर करायची, आग लागली तर माल कोणाचा, यावर एक ओळही नसते. भांडणे तर याच गोष्टींवरून होतात.

सोलापूरचा सगळ्यात अवघड व्यवहार म्हणजे जॉब वर्क, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. पूर्व भागातला यंत्रमागधारक किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने टॉवेल विणून देतो. तिथून तो माल डाईंगला म्हणजे रंगाईला जातो, मग शिलाईला, मग पॅकिंगला. एकाच मालकाचा माल चार छपरांखालून फिरतो आणि प्रत्येक छपराखाली त्याचे वजन, माप आणि रंग बदलतो.

पहिले भांडण वजनाचे. कापसाच्या सुतात प्रमाणित ओलावा ८.५ टक्के धरतात, म्हणजे पूर्ण कोरडे १०० किलो सूत व्यवहारात १०८.५ किलो मोजले जाते. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या हवेत तेच सूत शेडमध्ये उघडे राहिले आणि ओलावा ५ टक्क्यांवर आला, तर काट्यावर साडेतीन किलो कमी भरतात. कोणी काही चोरलेले नसते, पण मजुरीच्या बिलातून रक्कम कापली जाते आणि दहा वर्षांचा संबंध तुटतो. म्हणून करारात हे लिहावे: सूत बंद पोत्यात कोणत्या काट्यावर मोजले, पोते आणि कोन (सूत गुंडाळायची नळी) यांचे वजन वजा केले की नाही, वेस्टेज किती टक्के मान्य, ते वेस्टेज कोणाच्या मालकीचे आणि त्याहून जास्त घट आली तर किलोला कोणता दर लावायचा. 'वेस्टेज चालू रिवाजाप्रमाणे' असे कधीही लिहू नये. रिवाज काय, हे दोघांना विचारले तर दोन उत्तरे मिळतात.

दुसरे भांडण प्रतीचे. 'चांगल्या प्रतीचा टॉवेल' या शब्दांना कोर्टात काही वजन नाही. ३० बाय ६० इंच, ३५० जीएसएम (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) असे लिहिले की एक टॉवेल साधारण ४०६ ग्रॅमचा होतो. ५ टक्के कमी-जास्त मान्य केले तर ३८६ ते ४२७ ग्रॅममधला माल पास आणि त्याबाहेरचा नापास. वजन एकेका नगाचे धरायचे की डझनाच्या सरासरीचे, डाईंगच्या आधीचे की नंतरचे, हेही नमूद करावे. रंगाचे म्हणाल तर फोटोवर शेड मंजूर करण्याची सवय सोडायला हवी, कारण दोन मोबाइलच्या पडद्यांवर एकच निळा वेगळा दिसतो. मंजूर शेडचा तुकडा मधोमध कापावा, दोन्ही अर्ध्यांवर दोघांनी तारखेसह सह्या कराव्यात आणि एकेक अर्धा आपापल्याकडे ठेवावा. 'पक्का रंग' हा शब्दही अपुरा पडतो. धुण्यात रंग टिकण्याची श्रेणी १ ते ५ अशी मोजतात, तेव्हा किमान कोणती श्रेणी हवी ती आकड्यात लिहावी.

आगीचा मुद्दा बहुतेक करारांत नसतोच. दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने तो आपल्या मालासारखा सांभाळावा, एवढीच करार कायद्याची कलम १५१ व १५२ खालील अपेक्षा आहे. तेवढी काळजी घेऊनही माल जळाला आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर भरपाईची जबाबदारी जॉब वर्करवर येत नाही. मालकाला वाटते आपली विमा पॉलिसी आहे. पण आगीची पॉलिसी तिच्यात लिहिलेल्या पत्त्यांपुरती असते. डाईंग हाउसचा पत्ता तिच्यात नसेल तर तिथे पडलेला माल विम्याबाहेर राहिला. तेव्हा विमा कोण उतरवणार, कोणत्या पत्त्यांवर आणि किती रकमेपर्यंत, हे तीन तपशील करारात यावेत. ज्याचा माल आहे त्यानेच पॉलिसीत जॉब वर्करचा पत्ता घालून घ्यावा, हे आमच्या मते बरे. हप्ता मजुरीच्या दरात धरता येतो.

माल अडवून ठेवण्याविषयी दोन्ही बाजूंचा गोंधळ असतो. ज्या मालावर काम केले, त्याच मालाच्या मजुरीसाठी तो माल अडवून धरण्याचा हक्क करार कायद्याचे कलम १७० जॉब वर्करला देते. पण मागच्या दिवाळीतली जुनी थकबाकी आहे म्हणून आज आलेला नवा लॉट अडवता येत नाही. असा सरसकट हक्क कलम १७१ फक्त बँकर, फॅक्टर (दुसऱ्याचा माल ताब्यात घेऊन विकणारे आडते), धक्क्यावर माल सांभाळणारे, हायकोर्टातले अॅटर्नी आणि विमा दलाल यांना देते. इतरांना तो हवा असेल तर करारात स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. डाईंग आणि सायझिंगवाल्यांसाठी (सुताला खळ लावून देणाऱ्यांसाठी) ही एक ओळ फार मोलाची आहे. आणि माल देणाऱ्याने, ही ओळ समोरच्याच्या छापील चलनामागे बारीक अक्षरात आहे का, ते सही करण्याआधी वाचावे.

जॉब वर्करच्या बँकेकडेही लक्ष ठेवावे लागते. त्याच्या कॅश क्रेडिटसाठी (बँकेच्या फिरत्या कर्जासाठी) शेडमधला स्टॉक तारण असतो. खाते थकले की बँक जप्तीला येते, आणि शेडमध्ये पडलेले तुमचे सूत तुमचेच, हे तिला कागदाशिवाय कळणार कसे? मालकी सूत देणाऱ्याचीच राहील असे कलम, वेगळे स्टॉक रजिस्टर आणि थप्पीवर नावाची पाटी, या तिन्ही गोष्टी हव्यात. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत आली पाहिजे. नाहीतर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असे धरून कर लागतो. म्हणजे चलन हा कराचा कागद आहेच, पण मालकीचा सगळ्यात बळकट पुरावाही तोच आहे. त्यावर घेणाऱ्याची सही, नाव, शिक्का आणि तारीख घ्यावी. वाहतूकदाराची बिल्टी माल निघाल्याचे सांगते, माल स्वीकारल्याचे सांगत नाही.

शेंगा चटणी किंवा कडक भाकरी दुसऱ्याच्या ब्रँडने भरून देणाऱ्या घरगुती उद्योगांना हेच मुद्दे लागू पडतात. तिथे भांडण वेस्टेजऐवजी मुदत संपून परत आलेल्या पाकिटांचे होते. न खपलेला माल परत घ्यायचा की नाही आणि घ्यायचा तर मुदत संपण्याआधी किती दिवस, हे ठरवून घ्यावे.

आता पैशांविषयी. ६० किंवा ९० दिवसांची उधारी इथे रूढ आहे. पण विकणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे कलम १५ सांगते की लेखी ठरले असले तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. काहीच ठरलेले नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. आणि माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचला तोच दिवस स्वीकाराचा मानतात. तेव्हा ऑर्डरच्या कागदावर ९० दिवस लिहून घेतलेल्या खरेदीदारालाही त्या ९० दिवसांचा आधार मिळत नाही. उशीर झाला की कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक रेट ५.५ टक्के धरला तर व्याजदर होतो १६.५ टक्के. ५ लाखांचे बिल सहा महिने थकले तर सुमारे ४२,७०० रुपये व्याज होते. हा आकडा पत्रात मांडून पाठवला की बोलणी लवकर सुरू होतात.

इथे तीन चुका होतात. पहिली, उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) थकबाकी झाल्यावर केली जाते. ती ऑर्डर घेण्याआधी हवी आणि तिचा क्रमांक करारावर, कोटेशनवर, बिलावर छापलेला हवा. नोंदणी फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाची गरज नाही. दुसरी, चाटी गल्लीतला घाऊक व्यापारीही उद्यम प्रमाणपत्र दाखवून हे व्याज मागतो. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती आहे, उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचे हे संरक्षण त्यांना नाही. त्यांनी व्याजाचे कलम स्वतःच्या करारात लिहून घेतले पाहिजे. तिसरी चूक म्हणजे 'आमच्या पार्टीचे पैसे आले की तुमचे देऊ' हे वाक्य ऑर्डरमध्ये मान्य करणे. त्यांच्या पार्टीशी तुमचा काही संबंध नाही, ते खोडूनच सही करावी. खरेदीदाराला पटवताना प्राप्तिकराचा मुद्दाही कामी येतो. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेल्या ४३ब (एच) तरतुदीमुळे सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही.

एवढे करूनही पैसे आलेच नाहीत तर सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन जाता येते. परिषदेचा निवाडा रद्द करून घ्यायला खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, ही त्या वाटेतली खरी ताकद. कोर्टाची वाट धरायची तर मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षे हाताशी असतात, आणि इथे खातेपुस्तकावर विसंबून लोक फसतात. नुसत्या वहीतल्या नोंदीने मुदत वाढत नाही. देणेकऱ्याने मुदत संपण्याआधी सही करून बाकी मान्य केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. वहीपूजन दिवाळीत होते, तसा बाकी जुळवणीचा एक दिवस धरावा: ३१ मार्चची बाकी एप्रिलमध्ये एका कागदावर लिहून दोघांनी सही करायची. एका पानाचे काम आहे.

सुरक्षेसाठी घेतलेल्या कोऱ्या चेकविषयी एक सूचना. तो का घेतला, त्याचा क्रमांक काय, कोणत्या थकबाकीसाठी आणि किती रकमेपर्यंत भरता येईल, हे करारात नसेल तर 'चेक चोरला' किंवा 'हातउसन्याचा होता' हा बचाव ठरलेला असतो. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत वटायला टाकावा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फौजदारी तक्रार. यातला एक टप्पा चुकला की चेक न वटल्याबद्दलचा कलम १३८चा दावा अडचणीत येतो.

भागीदारीवर लिहायचे तर वेगळे पत्र होईल, तरी काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. दोन भाऊ आणि एक मेहुणा मिळून माग टाकतात, बँकेला हवे म्हणून एक भागीदारी पत्र करतात आणि फर्मची नोंदणी राहून जाते. १९३२च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे नोंदणी नसलेली फर्म करारातून आलेल्या येण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही. समोरचा मात्र फर्मवर लावू शकतो. पत्रात नफ्याचे प्रमाण नसेल तर नफा सारखा वाटला जातो, मग एकाने ८० टक्के भांडवल घातलेले का असेना. पगार लिहिला नसेल तर रोज बारा तास शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या भागीदारालाही पगार मागता येत नाही. एक भागीदार वारला आणि 'फर्म चालू राहील' असे कलम नसले, तर फर्म त्या दिवशी विसर्जित होते. दुःखाच्या घरात चालू खाते अडकते आणि कामगारांचा आठवड्याचा पगार थांबतो.

सगळ्यात कडू भाग असतो बाहेर पडण्याचा. करार करताना कोणी त्याविषयी बोलत नाही, अपशकुन वाटतो म्हणून. पण नेमके तेव्हाच बोलणे सोपे असते. निवृत्त होणाऱ्याला काय द्यायचे याची रीत लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, त्या तारखेचा ताळेबंद, स्टॉक खरेदी किमतीला, मागांची किंमत दोघांना मान्य अशा मूल्यांककाकडून, गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) म्हणजे मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची दुप्पट, आणि रक्कम बारा मासिक हप्त्यांत. दुप्पट की तिप्पट हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण सूत्र हवे. शेड वडिलांच्या नावावर असेल तर ती फर्मची मालमत्ता की भाड्याची जागा, ब्रँडचे नाव कोणाकडे राहणार, हेही तिथेच मिटवावे. निवृत्तीपत्र झाले की निबंधकाकडे बदल नोंदवावा आणि जाहीर नोटीस द्यावी. नोटीस नसेल तर पुढच्या उधारीतही जुने नाव ओढले जाते. आणि बँकेला दिलेली वैयक्तिक हमी भागीदारी सोडल्याने सुटत नाही. बँकेकडून हमीमुक्तीचे पत्र हातात येईपर्यंत निवृत्ती पुरी झाली असे समजू नये.

विणकामाचा मास्तर किंवा डिझायनर नोकरी सोडून शेजारच्या कारखान्यात जातो, ही तक्रार नेहमीची. त्यासाठी 'नोकरी सोडल्यावर तीन वर्षे जिल्ह्यात टॉवेलच्या धंद्यात काम करणार नाही' असे लिहून घेतात. नोकरी संपल्यानंतरची ही बंदी करार कायद्याच्या कलम २७ मुळे शून्य आहे, तिच्यावर स्टॅम्पपेपर वाया घालवू नये. टिकते ते गुप्ततेचे कलम: ग्राहकांची यादी, दर आणि डिझाइनच्या फाइली बाहेर नेणार नाही, जाताना सगळ्या प्रती परत करीन. विणकराला दिलेली उचल फिटेपर्यंत त्याने काम सोडायचे नाही, असा कागद मात्र अजिबात करू नये. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तो गुन्ह्यात जातो, आणि तसे जाणे योग्यच आहे. उचल हे साधे येणे म्हणून लिहावे.

ब्रँडसाठी वर्ग २४ (कापड, टॉवेल यांचा वर्ग) मध्ये ट्रेडमार्कचा अर्ज करावा. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गाला ४,५०० रुपये आहे. 'सोलापूर चादर' आणि 'सोलापूर टेरी टॉवेल' ही भौगोलिक मानांकने आहेत, ती कोणा एका कारखान्याची मालमत्ता होत नाहीत. त्यामुळे आपले स्वतःचे वेगळे नाव हवेच. लोगो आणि पॅकिंगवरचे चित्र बाहेरच्या कलाकाराकडून करून घेतले, तर बिल चुकते केल्याने कॉपीराइट आपोआप आपल्याकडे येतोच असे नाही. हक्क सोपवल्याचा सहीचा कागद लागतो. त्यात मुदत नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. आखातात टॉवेल पाठवणाऱ्यांनी हे नीट पाहावे. कापडावरच्या नव्या डिझाइनची नोंदणी करायची तर ती बाजारात दाखवण्याआधी करावी लागते.

जागेविषयी थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार वा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी खरे धरले जाते. एमआयडीसीच्या भूखंडावरची शेड पोटभाड्याने घ्यायची असेल तर महामंडळाची पूर्वपरवानगी पाहूनच अनामत द्यावी. वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे आणि जुनी थकबाकी कोणाची, हे विचारल्याशिवाय माग बसवू नयेत.

राहिला कागदाचा बाह्य आकार. एकमालकी फर्मला कायद्यात वेगळे अस्तित्व नाही, तेव्हा करारात दुकानाचे नाव एकटे न लिहिता 'अमुक, प्रोप्रायटर, तमुक टेक्स्टाइल' असे लिहावे. भागीदारी फर्मसाठी कोण सही करतो आणि त्याला तो अधिकार कुठून, हे नमूद करावे. पॅन, जीएसटी क्रमांक, नोटिशीचा पत्ता, आणि ऑर्डर ज्या मोबाइल क्रमांकावरून वा ई-मेलवरून येतील तो क्रमांक वा पत्ता, हे सगळे पहिल्या पानावर यावे. पुढे व्हॉट्सअॅपचा मजकूर पुरावा म्हणून दाखल करताना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. करारात तोच क्रमांक असला की तो कोणाचा हा वाद उरत नाही. आणि फोन बदलला तरी जुने संभाषण पुसू नये.

जिथे पूर्वी १०० रुपयांचा स्टॅम्प चालत असे, अशा बऱ्याच कागदांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये लागतात. कमी स्टॅम्पचा करार रद्द होत नाही, पण कमी पडलेले शुल्क आणि त्यावर महिन्याला २ टक्के दंड भरेपर्यंत कोर्टात पुराव्यात घेतला जात नाही. स्टॅम्पपेपर खरेदीपासून सहा महिन्यांतच वापरावा. मागची तारीख टाकण्यासाठी जुना पेपर शोधत फिरणे ही फसवणूक आहे, आणि विक्रेत्याच्या नोंदवहीतून ती उघडी पडते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही लक्षात असावे. करार मराठीत पूर्ण चालतो. आपल्या शहरात कितीतरी माणसे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. सही करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर शेवटी 'मजकूर तेलुगूतून वाचून दाखवला, समजला' अशी ओळ आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्यावी. पुढे 'मला कळलेच नव्हते' म्हणायला जागा राहत नाही.

वाद झाला तर कुठे जायचे? मुंबई किंवा दिल्लीच्या खरेदीदाराच्या ऑर्डरवर त्याच्या शहराचे कोर्ट छापलेले असते आणि लोक न वाचता सही करतात. व्यवहाराचा काही भाग इथे घडत असेल तर 'फक्त सोलापूर येथील न्यायालय' असे लिहून घेता येते, पण त्याला दोघांची सही हवी. बिलाच्या तळाशी एकट्याने छापलेल्या ओळीवर भिस्त ठेवू नये. लवादाचे (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडे वाद नेण्याचे) कलम लहान रकमांना परवडत नाही असे आमचे मत. घालायचेच तर लवाद दोघांनी मिळून नेमावा. एका पक्षाने एकट्याने नेमलेला लवाद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निर्णयानंतर टिकत नाही. ३ लाख रुपये आणि त्यावरच्या व्यापारी दाव्याला, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सहीचा करार असेल तर ठरलेल्या रकमेसाठी समरी दावा करता येतो, ज्यात प्रतिवादीला बचाव मांडायलाच आधी कोर्टाची परवानगी लागते.

आमची विनंती दोन ठिकाणी आहे. जिल्हा उद्योग केंद्र आणि शहरातल्या यंत्रमागधारक व व्यापारी संघटनांनी एकत्र बसून जॉब वर्क, माल पुरवठा आणि भागीदारी यांचे तीन मराठी नमुने तयार करावेत, प्रत्येकी चार पानांच्या आत, आणि सभासदांना फुकट द्यावेत. तेलुगू आणि कन्नड भाषांतर सोबत असावे. आणि आपण ते अंकात छापावेत. नमुन्यात वेस्टेजचा टक्का, उधारीचे दिवस आणि गुडविलचे सूत्र या जागा मात्र कोऱ्याच ठेवाव्यात, म्हणजे सही करणाऱ्या दोघांना त्या भरताना एकमेकांशी बोलावे लागेल.

आपले,
व्यापारी करारांचे काम करणारे दोन वकील व एक सनदी लेखापाल,
सोलापूर